एकशे सत्तर पौंड जास्त

"आता हे काय आणलंस?" लिओनाने विचारलं.

डेलमारने खोकं गॅरेजच्या दारात टेकवलं. "छताचा पंखा. रिमोटवाला. जुना काढायचा, हा बसवायचा. दोन तासांचं काम. फार तर उद्या दुपार."

"जुना म्हणजे गेल्या ऑगस्टात बसवलास तोच ना?"

"तो आवाज करतो गं."

"आवाज आता मी करणार आहे. बस गाडीत."

"अगं पण..."

"बस म्हणते ना! आज निघायचं ठरलंय. कोबी-खिम्याचे बीरॉक भाजून झालेत, पेटीत बर्फ भरलाय, शेजारच्या आयरीनकडे किल्ली दिलीय. तुझा तो पंखा घाल चुलीत."

डेलमार ड्रायलिंग निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्याच आठवड्यात त्याने एका पाववाल्याची जुनी पांढरी मालगाडी विकत घेतली. नुसता पत्र्याचा डबा. "यात राहायची सोय करू आणि ओरेगॉनला जाऊ, समुद्र बघू," असं त्यानेच जाहीर केलं होतं. लिओना सहासष्ट वर्षांची, जन्म कॅन्ससचा, लग्न कॅन्ससमध्ये. आयुष्यात पाणी पाहिलं ते तळ्याचं. तिला ते बोलणं इतकं खरं वाटलं की दुसऱ्याच दिवशी तिने बॅग खाली काढली.

ती बॅग पुन्हा माळ्यावर गेली. आधी भिंतींना अस्तर लागलं, मग पलंग झाला. मग पलंगाखाली सरकणारं स्वयंपाकघर, खिडक्यांना चुंबकाचे पडदे, बाजूला उघडणारी कनात, मागच्या दाराला मच्छरदाणी, बाहेर अंघोळीसाठी नळी, दुसरी बॅटरी, मग तिसरी. ओकच्या लाकडाची कपाटं तर अशी की रविवारी चर्चमधून लोक थेट बघायला यायचे. डेलमार एकेक खण ओढून दाखवायचा आणि सगळे वाहवा करायचे. लिओना सगळ्यांना कॉफी द्यायची. गाडी मात्र तीन वर्षांत टायरच्या दुकानापलीकडे गेली नव्हती.

गेल्या जानेवारीत तिच्या डाव्या डोळ्याने दगा दिला. डॉक्टरीणबाईंनी चौकटी छापलेला एक कागद दिला, तो फ्रिजवर लावलेला असे. रोज सकाळी उजवा डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं. मधल्या रेघा वाकड्या दिसायच्या. "उजवा अजून चांगला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "यंदा दिवसा गाडीही चालवा बिनधास्त. पुढच्या वर्षीचं मात्र मी सांगू शकत नाही." हे ऐकून डेलमार घरी आला आणि त्याने ओव्हनची ऑर्डर दिली.

ओव्हन! अख्ख्या जन्मात त्याने कधी साधं बिस्किट भाजलं नव्हतं.

गाडी निघाली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. डेलमार तोंड पाडून चालवत होता. गावाबाहेरच्या रेल्वे फाटकाशी लाल दिवा लागला, त्याने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या रेषेपुढे चांगली हातभर जाऊन थांबली. मागे कपाटातल्या ताटल्या खणखणल्या. लिओनाने आरशात पाहिलं. गाडीचा मागचा भाग बसलेल्या म्हशीसारखा खाली गेला होता.

"गाडी जड झालीय," ती म्हणाली.

"नवीन ब्रेक आहेत. बसतील हळूहळू."

"डेलमार, मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या धुण्याची गाडी हाकलीय. ओल्या चादरींनी भरलेली. मला जड गाडी कळते. हायवेवरच्या थांब्यावर ट्रकांचा वजनकाटा आहे, तिथं घे."

"कशाला उगीच?"

त्याच्या या बोलण्याने तिच्या डोक्यात तिडीक गेली. कारण हे बोलत होता कोण? डेलमार ड्रायलिंग, चौतीस वर्षं धान्याच्या कोठारावरचा वजनदार. वजनदार म्हणजे गव्हाचे ट्रक तोलणारा. याने सख्ख्या मेहुण्याचा ट्रक चाळीस पौंडांसाठी परत पाठवला होता आणि त्यावरून दोन नाताळ घरात अबोला चालला होता. अशा माणसाने तीन वर्षं स्वतःच्या गाडीत लाकूड-लोखंड कोंबलं आणि एकदाही ती काट्यावर चढवली नाही.

"वळव," ती म्हणाली. त्याने वळवली.

काट्याची पट्टी रस्त्याच्या बरोबरीने जमिनीत बसवलेली होती. गाडी वर उभी राहिली. काट्यावरची मुलगी टॉन्या, ओठात च्युइंगगम, केबिनमधून पावती द्यायला बाहेर आली. लिओनाने ती आपल्याच हातात घेतली. उजव्या डोळ्यासमोर धरून वाचली, मग दार उघडून चौकटीवरचा कंपनीचा स्टिकर वाचला.

"आठ हजार पाचशे पन्नासची मर्यादा. आपण आहोत आठ हजार सातशे वीस. एकशे सत्तर पौंड जास्त. आणि पाण्याची टाकी अजून रिकामी आहे!"

डेलमार स्टिअरिंगकडे बघत राहिला.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "चाळीस फुटांवरून नुसत्या स्प्रिंगा बघून तू सांगायचास, किती जास्त आहे ते. तुला ही गाडी रोज अंगणात दिसत होती."

"थोडं वाटलं होतं."

"कधीपासून?"

"कपाटं बसवली तेव्हा."

"आणि वर ओव्हन बसवलास?"

"काकू, मागे ट्रक थांबलाय," टॉन्या म्हणाली.

"थांबू दे त्याला! मी तीन वर्षं थांबलेय!"

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. डेलमारने गाडी काट्यावरून काढून कडेला लावली. लिओना उतरली, मागचं दार उघडलं आणि त्याच्याच हत्यारांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर उचलला. "ओव्हन काढ. बाकाची पेटी काढ. इथं ठेव, कुणीही नेईल."

डेलमार धावत मागे आला आणि कपाटापुढे हात पसरून उभा राहिला. "ओक आहे तो, लिओना! असा उपटून काढतात का? सगळं एकमेकांत अडकवलंय. घरी चल. नीट सोडवतो, ॲल्युमिनियमची हलकी कपाटं मागवतो. दोन आठवडे दे मला."

"दोन आठवडे! तुझ्या दोन आठवड्यांची मला आता शिसारी आलीय. तुला यायचंच नाहीये, तोंडाने बोल की एकदा!"

त्याने कपाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "समुद्र बघून परत आलो, की मग पुढे काय गं? मग तू त्या फ्रिजवरच्या कागदाकडे बघत बसणार आणि मी तुझ्याकडे. गाडीचं काम चालू आहे, तोवर वाटतं की अजून सगळं व्हायचंय."

तिला त्याची दया यायला हवी होती. आलीही, पण रागाच्या तळाशी कुठेतरी. "माझा डोळा तुझ्या कामासाठी थांबणार आहे का रे? तुला बरं वाटावं म्हणून मी आंधळी होईस्तोवर अंगणात बसू?"

 त्याने कपाटावरचे हात काढले नाहीत.

लिओनाने स्क्रूड्रायव्हर पेटीत टाकला. "हिशेब कर," ती म्हणाली. "तुला जमतं ते. मी एकशे अडतीस पौंडांची. मी उतरले तरी गाडी जास्तच भरते. तू किती?"

"एकशे शहाण्णव."

"मग?"

त्याने आकडा लगेच काढला असणार. त्याची नजर चालकाच्या रिकाम्या जागेकडे गेली.

"टॉन्या!" लिओनाने हाक मारली. "पुन्हा वजन करायचंय. उतर, डेलमार. आयरीनला फोन कर, ती न्यायला येईल."

"एकटी जाशील? डोंगरातून?"

"दिवसा. फोन करीन रोज." तिने बर्फाच्या पेटीतले सहा बीरॉक कागदात गुंडाळले आणि त्याच्या छातीशी अक्षरशः आदळले. "जेवून घे. गोळी विसरू नकोस."

ती चालकाच्या जागेवर बसली, सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला लावले आणि गाडी पुन्हा पट्टीवर घेतली.  अजून तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, तीन वर्षांचं बरंच काही साठलं होतं.

डेलमार पट्टीवर पाय पडणार नाही अशा बेताने पिवळ्या रेघेबाहेर उभा राहिला. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. केबिनच्या खिडकीवरच्या फलकात आकडे हलले आणि स्थिरावले. आठ हजार पाचशे वीस; तो आणि ते सहा बीरॉक वजा.

त्याने आकडा वाचला. मग वाकून मागच्या स्प्रिंगा पाहिल्या, सरळ झाला, बीरॉकचं पुडकं डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात खांद्यापर्यंत वर नेऊन दोनदा पुढे हलवला. चौतीस वर्षं तो असाच ट्रक सोडत आला होता. माल बरोबर आहे, जाऊ द्या.

लिओनाने गाडी पट्टीवरून खाली घेतली आणि पश्चिमेकडे वळायचा दिवा लावला.