कन्निकाचा डावा कान

शाळेत नाव घालायचं तर आमच्या तोनले साप तळ्याच्या काठी एकच परीक्षा असते. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाती आला की पोर शाळेच्या वयाचं झालं. जन्माचे दाखले पुरात वाहून जातात, कान कुठे जात नाहीत.

माझी नात कन्निका उतावळी होऊन रांगेत उभी राहिली. पण बोटं कानाच्या वरच अडकली. तिने मान कलती केली.

"मान सरळ," गुरुजी म्हणाले.

तिने दुसऱ्या हाताने कानच वर ओढला.

"कान जागेवर! ये पुढच्या वर्षी."

तिच्याच आठवड्यात जन्मलेला शेजारचा वेस्ना कान धरून वर हलवूनही दाखवत होता. पोर रडत घरी आली.

"मास्तर आंधळा आहे मेला!" माझी बायको कडाडली. "उद्यापासून आंब्याला लटकायचं. हात कसा लांबत नाही बघते."

रोज सकाळी कन्निका फांदीला. फांदी वाकली, हात होता तेवढाच.

आरोग्य केंद्रातली चरिया एकदा तिथून जाताना थांबली. "मावशी, हिचं पोट सारखं बिघडतं ना?"

"पोरांची बिघडायचीच."

"खाल्लेलं अंगी लागायच्या आधीच निघून जातं, मग हात वाढणार कशावर? पाणी कुठलं पिते?"

"तळ्याचं. पण रांजणात मी तुरटी फिरवते! तळाची सुई दिसेल."

"सुई दिसेल, जंतू नाही दिसणार. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. जंतू अडवणारं, पाणी गाळायचं मडकं दिलं होतं ना? वेस्नाकडे तेच वापरतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी कोंबडीकडे. ती त्याच मडक्यात अंडी उबवत बसली होती.

"थेंब थेंब गळतं मेलं," बायको कुरकुरली. "पाणी देतंय की भीक घालतंय?"

कन्निकाने फांदीवरून उडी मारली. "आजी, मला भीकच दे. शाळेत जायचंय मला."

चरियाने नवं मडकं आणून दिलं. जुनं कोंबडीकडेच राहिलं. त्या पावसाळ्यात कन्निका पोट बिघडून अंथरुणाला खिळली नाही, उलट भाताचा दुसरा वाडगा मागायला लागली.

पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा तिने कान असा गच्च धरला की गुरुजींनी नाव लिहिलं तरी सोडेना.

"अगं, सोड आता."

"आधी शाई वाळू दे," कन्निका म्हणाली.

बायको अजून गावभर सांगते, सगळी करामत आंब्याच्या फांदीची. पण त्या मडक्यात पाणी ओतायला मला जवळ फिरकू देत नाही. म्हणते, "आधी हात धुवून या!"