मधली जागा गंगाफळाची

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. जुना आहे, वाकडा आहे, आणि खोडकर तर इतका की माझ्यावर बसण्याआधी भडगावातली शहाणी माणसं आधी हात टेकवून बघायची.

मला हिलाल मिस्तरीनं बनवलं ते चहाच्या हॉटेलासाठी. लाकूड बाभळीचं, पण ओलं. मिस्तरीला घाई, हॉटेलवाल्याला त्याहून घाई. उन्हाळा लागला तसा मी वाळलो आणि वाळता वाळता उजवीकडे उतरता झालो. मग काय मजा. गिऱ्हाईकानं चहाची बशी बाजूला ठेवली की ती हळूच निघायची आणि थेट शेजाऱ्याच्या धोतरात. आठ-पंधरा दिवसांत हॉटेलवाल्यानं मला रस्त्यावर काढलं. तिथून यादव सरांनी मला लोटगाडीवर टाकून समाजमंदिरात आणलं.

सर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी दहावी नापासांचा फुकट वर्ग घ्यायचे. ही १९८७ ची गोष्ट. वर्गात सगळे बाप्ये, बाई एकच, कमल. तिचा नवरा सुरतेला मिलात होता. ती डॉक्टरांच्या दवाखान्यात पट्ट्या धुवायची, बादल्या भरायची. तिला नर्स व्हायचं होतं. बाकीचे विषय निघाले होते, इंग्रजी तेवढं दोनदा राहिलं होतं. ऑक्टोबरात निघालं तर धुळ्याला नर्सिंगला जाता येणार होतं. नाही निघालं तर पुढच्या वर्षी वय उलटून जाणार, आणि मग जन्मभर बादल्या.

त्याच वर्गात तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर होता, लोटनभाऊ. बाजार समितीत शिपाई होता, त्याला कारकून व्हायचं होतं. अंगानं असा भरलेला की तो बसला की माझ्या पोटातले खिळे बोलायचे.

सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. इंग्रजीत क्रियापदाला एक छोटा शब्द चिकटतो. पुट ऑन, टेक ऑफ, लुक आफ्टर. त्यात 'इट' आणि 'हिम' कुठं घालायचं? फळ्यावर लिहून लिहून सरांचा खडू संपला. मग एके दिवशी त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"कमल, तू पुट. डावीकडे बस. लोटनभाऊ, तुम्ही ऑन. उजवीकडे. आता इट कोण होतं?"

कोणी इट व्हायला तयार होईना. मग कमलनं दुसऱ्या दिवशी घरून एक गंगाफळ आणलं. गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, चांगला गरगरीत. सरांनी ते दोघांच्या मध्ये ठेवलं. पुट इट ऑन. गंगाफळ गप बसलं. मग त्यांनी लोटनभाऊला आत सरकवलं आणि गंगाफळ टोकाला ठेवलं. पुट ऑन इट. मी काही केलं नाही, मित्रांनो, नुसता होतो तसा उतरता राहिलो. गंगाफळ घसरलं, धपकन पडलं आणि पार दारापर्यंत गेलं.

"बघितलं? इट टोकाला टिकत नाही," सर म्हणाले.

मग त्यांनी आपला एक जुना शर्ट घेतला. मध्ये ठेवला, राहिला. टोकाला ठेवला, तरी राहिला. "पुट द शर्ट ऑन म्हणा, नाही तर पुट ऑन द शर्ट म्हणा. शर्टाला कुठंही चालतं. इट, हिम, हर या मंडळींना मधलीच जागा लागते."

वर्ग खूश. मी तर फुगलोच. हॉटेलात ज्या खोडीपायी शिव्या खाल्ल्या, तीच खोडी इथं शिकवायला लागली.

पण पुढं आलं लुक आफ्टर. ही जोडी निराळी. हिच्यामध्ये हिम शिरत नाही. दोघांनी खेटून बसायचं आणि हिमनं शेवटी. सर फळ्याकडे वळून लिहीत बसले आणि इकडे माझ्यावर काय झालं ते त्यांना दिसलंच नाही. कमल लुक, लोटनभाऊ आफ्टर. भावजय जेठाला खेटून कशी बसेल? एका बाकावर बसत होती तेच मुळात गंगाफळाच्या भरवशावर. डोक्यावरचा पदर तिनं आणखी पुढं ओढला आणि गंगाफळ मध्येच राहू दिलं. लोटनभाऊनंही खिडकीबाहेर बघत ते जरा तिच्याकडे सरकवलं.

डोळ्यांना जे दिसलं तेच तिच्या डोक्यात बसलं. सरावाच्या पेपरात तिनं लिहिलं, लुक हिम आफ्टर. वेट हिम फॉर. सगळीकडे मध्ये गंगाफळ.

सर पेपर हातात घेऊन मटकन माझ्यावर बसले. "कमल, बाकीचं सगळं बरोबर आणि हेच कसं चुकतं? पेपरात हेच येतं ना."

बोलला तो वना, शिंप्याच्या दुकानात काज-बटण करणारा, काडीसारखा माणूस.

"सर, तुम्ही जेठाला आफ्टर केलं. ती त्यांना खेटून बसंल का?"

"मग तू हो आफ्टर."

"होऊन तर बघ," लोटनभाऊ म्हणाला. वना झाला नाही.

परीक्षा तोंडावर आली. सरांनी चित्रं काढली, काड्या मांडल्या. कमलचा हात मात्र सवयीनं मध्येच जायचा. तिचा चेहरा उतरत चालला. मला पहिल्यांदाच खोडी सुचेना.

आणि एका संध्याकाळी दारात मंजुळाबाई उभी. कमलची सासू, लोटनभाऊची माय.

"मन्हं गंगाफळ रोज सांजले कथं जास, ते देखाले उनू मी," ती म्हणाली. "घर येस तवय ठोकायेल ऱ्हास. शाळा शिकी रायनं का काय ते?"

रोज ठेचकाळून घरी येणारं गंगाफळ शाळा शिकतंय का, हे ऐकून वर्ग खाली मान घालून हसला. सरांनी तिला बसवलं, सगळं समजावलं आणि अडचण कुठं आहे तेही हळूच सांगितलं.

"आफ्टर म्हंजे काय?"

"तसं म्हणाल तर मागे. पण लुकला खेटून बसला की अर्थ होतो सांभाळणं."

"मंग आफ्टर मीच शे. इन्हा मांगे रोज कोण लागस?" तिनं लुगडं सावरलं, लोटनभाऊला हातानंच उठवलं आणि माझ्यावर बसली. कमल दबकत टोकाला टेकली. मंजुळाबाईनं तिला कमरेला धरून ओढलं. "खेट ना व माय. मी काय वाघ शे का?"

आता हिम हवा होता. सरांनी वनाला उजव्या टोकाला बसवलं. मित्रांनो, आता मात्र मी मुद्दामच केलं. जरासा करकरलो, आणि वना निघाला खाली. मंजुळाबाईनं त्याची कॉलर पकडली.

"लुक आफ्टर हिम," सर म्हणाले.

"धरेल शे मी त्याले," मंजुळाबाई म्हणाली.

कमल इतकी हसली की तिचा पदर डोक्यावरून पडला आणि कोणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून सासू रोज यायला लागली. एकदा सरांनी पुट अप विथ हर घेतलं. पुट, अप, विथ असे तिघं खेटून आणि हर शेवटी. अर्थ, तिला सहन करणं.

"कोणले सहन करनं?" मंजुळाबाईनं विचारलं. सगळ्या वर्गाच्या माना तिच्याकडेच वळल्या. "समजनं. मंग मीच बसस शेवटले," असं म्हणून ती टोकाला गेली, आणि मी तिला घसरू दिलं नाही. तिला पाडण्याएवढी हिंमत माझ्यात नाही.

पेपर देऊन कमल थेट समाजमंदिरात आली. "सर, प्रश्न वाचला आणि आत्याबाईंनी कमरेला ओढलं असं वाटलं. हात मध्ये गेलाच नाही."

निकाल लागला. कमल पास झाली. लोटनभाऊ गणितात राहिला. निघायच्या दिवशी ती सरांच्या पाया पडायला आली, सोबत घरचे सगळे. मी मंजुळाबाईखाली. कमल रिवाजाप्रमाणे खाली सतरंजीवर बसायला लागली. लोटनभाऊ पुढं आला. खांद्यावरच्या उपरण्यानं त्यानं माझी मोकळी जागा पुसली.

"कमल, वर बैस. धुळ्याची एसटी यायले येळ शे," तो म्हणाला, आणि स्वतः तिची पेटी सांभाळत खाली बसला.

ती बसली. सासूला खेटून. मध्ये काहीच नव्हतं.

पुढं समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आता मी मागच्या अंगणात असतो, दुपारी कोंबड्या बसतात. त्यांनाही घसरवतो. मित्रांनो, तुमच्याकडे असा एखादा जुना बाक असला तर त्याला उन्हापावसात टाकू नका, पाय हलत असला तर एक खिळा मारा. आणि बाकाशेजारी कोणी खाली बसलेलं दिसलं, तर जरा सरका आणि त्यांना वर बोलवा. बाक करकरला तर घाबरू नका. आम्ही असेच हसतो.