दोरीच्या अलीकडून

वहिनींना व्याख्यानांचं वेड लागलं आणि घरातल्या माणसांची धडगत उरली नाही. दर शनिवारी म्युझियममध्ये एक बाई चित्रांचा इतिहास सांगायच्या. त्यांची शिस्त मोठी कडक. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, हात लावायचा नाही, मत तर मुळीच द्यायचं नाही. आधी नुसतं बघायचं आणि विचारायचं, उजेड कुठून येतोय? जग असंच कळतं, म्हणे! वहिनींनी हे इतकं मनावर घेतलं की दूधवाल्यालाही त्या मागे सरून न्याहाळू लागल्या. बिचारा दूध दारात ठेवून पळ काढायचा.

पण घरातलं भांडण काही त्यांना कळेना. त्यांचे यजमान, म्हणजे दादा, घड्याळं दुरुस्त करायचे. धाकटा दीर पुस्तकं बांधायचा. दोघांची टेबलं एकाच खोलीत, आणि कित्येक वर्षं अबोला. कारण काय, तर धाकटा भरदिवसा दिवा लावून बसतो! "एवढी मोठी खिडकी असताना दिवा? मला डिवचायला करतो मुद्दाम," असं दादा भिंतीकडे तोंड करून सांगायचे. शेवटी खोलीच्या मधोमध विटांची भिंत घालायचं ठरलं. धाकट्याला वहिनींनी पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. भिंतीचं नाव काढलं की त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायच्या.

गवंडी यायचा होता तो नेमका शनिवारी. वहिनी काय कमी? त्यांनी म्युझियमची अख्खी मंडळीच घरी आणली, बाईंसकट. कपडे वाळत घालायची दोरी खोलीत आडवी बांधली आणि सगळ्यांना तिच्या अलीकडे उभं केलं.

"हा काय तमाशा आहे?" दादा भडकले.

"हलू नका," बाई म्हणाल्या. "चित्र हलत नसतं."

आणि गंमत बघा, दादा खरंच हलले नाहीत. इतकी माणसं निरखून बघताहेत म्हटल्यावर त्यांनी हळूच पोटही आत घेतलं. धाकट्यानं केस सारखे केले.

तेवढ्यात गवंडी थापी घेऊन आत शिरला. मंडळीतल्या एका आजोबांनी त्याला मागे खेचलं. "दोरीच्या अलीकडे!"

गवंडी बराच वेळ बघत राहिला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "जुनं आहे का हो?"

"थोरला जुना. धाकटा नंतरचा," आजोबांनी सांगितलं.

"बरा टिकलाय की थोरला."

काय दिसतंय ते दर शनिवारी एकानं सांगायचं असे. आज पाळी वहिनींची. "उजेड... खिडकीतून येतोय. सरळ घड्याळांच्या टेबलावर पडतोय. खिडकीपाशी आणखी एक टेबल आरामात मावेल, पण धाकटा..." त्या अडखळल्या. या खोलीचा केर त्यांनी रोज काढला होता, पण इथं उभं राहून कधी बघितलंच नव्हतं. "धाकटा कोपऱ्यात बसलाय. अंधारात."

"का बरं?" बाईंनी विचारलं.

"खिडकीपाशी बसला तर त्याची सावली घड्याळांवर पडेल." वहिनींचा आवाज चिरकला. "म्हणून दिवा! अहो, तुमच्यासाठी दिवा लावतो तो!"

दादांच्या डोळ्यावरचं भिंग टेबलावर पडलं.

"खरं का रे?"

धाकटा पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. "तुला बारीक काम असतं, दादा."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू विचारलंस कधी? दिवा दिसला आणि आरडाओरडाच सुरू केलास!"

"मी आरडाओरडा करतो? मी?"

झालं, दोघांची जुंपली. सगळ्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडायला लागलं. मंडळी वैतागली. "शू! चित्रानं बोलायचं नसतं!" आजोबा ओरडले. गवंड्यानं थापी पिशवीत घातली आणि बूड टेकायला स्टूल मागितलं.

वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या. त्यांनी दोरी वर केली आणि वाकून पलीकडे गेल्या.

"हात लावायचा नाही!" बाई कडाडल्या.

वहिनींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि धाकट्याचा कान चांगला पिळला.