चाक न टेकता

आमच्या दर्यापूर भागात आभाळ फार खाली आहे. उन्हाळ्यात मी धोतर त्यावरच वाळू घालतो. एकदा ते बँकॉकला निघालेल्या विमानाच्या शेपटीत अडकलं आणि चौथ्या दिवशी इस्त्री होऊन परत आलं. पटत नसेल तर सोडून द्या. पण पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं आहे, त्यात मी फार थोडं मीठ घातलं आहे.

चंद्रभान आणि रहमतुल्ला यांची वावरं एकमेकांना लागून. चंद्रभानचं सडकेवर, रहमतुल्लाचं त्याच्या मागे. रहमतुल्लाच्या एका अंगाला नाला, दोन अंगांना लोकांची उभी तूर. बाहेर यायला वाट एकच, चंद्रभानच्या वावरातून. दोघांच्या आज्यांपासून ती चालत आलेली.

यंदा पेरणीनंतर चहाच्या टपरीवर रहमतुल्ला सहज बोलून गेला, "चंद्रभानच्या पेरणीचे तास पाह्यले का? साप बी इतका वाकडा चालत नाही."

आता काळ्या मातीतल्या माणसाला चोर म्हणा, तो हसेल. पण त्याची पेरणी वाकडी म्हणू नये. चंद्रभाननं दोन वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन मूठभर माती उचलली आणि चार लोकांसमोर रहमतुल्लाला सांगितलं, "तुह्यं चाक या मातीले टेकलं तं मी माह्या बापाचा नाही." हातात माती घेऊन बोललेलं आमच्याकडे परत घेता येत नाही. शब्द फिरवला तर पीक फिरतं म्हणतात.

तेव्हा कोणाला फरक पडला नाही, पायी जाणं-येणं चालूच होतं. पडला तो दिवाळीच्या तोंडावर. रहमतुल्लाचं सोयाबीन कापून झालं, वावरात गंजी लागली, आणि हडंबा, म्हणजे ते मोठं मळणीयंत्र, सडकेवर येऊन थांबलं. आत जाईना. अकोल्याकडून ढग चढू लागले होते. गंजी भिजली की दाण्याला कोंब, आणि वर्षभराचं पीक गुरांपुढे.

मी चंद्रभानच्या ओट्यावर गेलो. मिटवायला नाही हो, मला तमाशा पाहायचा होता. तिथं त्याची पुतणी प्रणाली आलेली. ती नागपूरच्या विमानतळावर विमानांना वाट दाखवायच्या नोकरीत आहे. सकाळीच बडनेऱ्याला गाडीतून उतरली होती. डोक्यावरून एक विमान पांढरी रेघ ओढत चाललं होतं.

"हे कुठलं गं?" मी विचारलं.

"दोहाहून येऊन राहिलं असेल काका. पूर्वेकडे चाललं."

चंद्रभान वर पाहत राहिला. "माह्या वावरावरून चाललं. मले कोणी विचारलं?"

"मोठे बाबा, वावर तुमचं. वरचं आभाळ देशाचं."

"किती वरपासून?"

"ते कोणी नीट सांगत नाही. पण विमान जिथून जाते तिथलं तरी देशाचंच."

"मंग हे दोहावाले आपल्या देशाच्या आभाळात कायले घुसले?"

प्रणाली शेंगदाणे सोलत होती. तिनं सांगितलं, की शिकागो नावाच्या गावात पन्नासएक देश बसले आणि ठरवलं: ज्याचं आभाळ त्याचं राज्य, हे आधी मान्य. मग बऱ्याच देशांनी एकमेकांना मोकळीक दिली. वरून जा, पण उतरू नका. काही बिघडलं, तेल संपलं, तर उतरा, दुरुस्त करा आणि चालू पडा; माणसं चढवू-उतरवू नका. त्याच्या पुढचं ज्याचं त्यानं वेगळं ठरवावं.

"अन् कोणी वाट बंद केली तं?"

"करतात की. मग विमानं लांबून वळसा घालतात."

"पण हे बसले कधी? समदं शांत असताना?"

"नाही. चव्वेचाळीस साली. महायुद्ध सुरूच होतं."

चंद्रभाननं तोंडातला शेंगदाणा चावायचा थांबवला. "म्हणजे भांडण मिटायची वाट नाही पाह्यली."

"वाट पाहत बसले असते तर अजून कोणाचं विमान निघालं नसतं," मी म्हणालो.

"शेषराव, तुले कोणी विचारलं?" तो म्हणाला. पण उठला आणि धुऱ्यापर्यंत जाऊन आला. आला तो वेगळ्याच प्रश्नावर.

"मी काय म्हटलं होतं? त्याचं चाक मातीले टेकणार नाही. बरोबर?"

"बरोबर."

"वरून गेलं तं?"

मी प्रणालीकडे पाहिलं. ती हसू दाबत होती.

तर मंडळी, हडंबा उडाला. तुम्ही म्हणाल शेषराव सुटला. पण गावातली चाळीस माणसं आणि एक बकरी लावून आम्ही तो चंद्रभानच्या स्वतःच्या ट्रॉलीवर चढवला. हडंब्याची चाकं हवेत. खाली मातीला टेकलेली चाकं चंद्रभानची, ट्रॅक्टर चंद्रभानचा, चालवणारा चंद्रभान. रहमतुल्ला हडंब्यावर बसला, पाय वर घेऊन.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. प्रणाली म्हणाली, विमानंही परस्पर बोलत नाहीत, खालच्या माणसाशी बोलतात. म्हणून मी खालचा माणूस होऊन ट्रॉलीच्या बाजूनं चाललो.

"शेषराव, त्याले सांग, डावीकडं खड्डा हाय," रहमतुल्ला म्हणाला.

"चंद्रभान, डावीकडं खड्डा."

"दिसून राह्यला मले. त्याले म्हण, गपचूप बस. अन् वाटेत माह्या कपाशीचं बोंड तोडू नको म्हण."

"चाचा, बोंड तोडायचं नाही."

"अरे बाबा, मी काय चोर हाय? चाक मोडलं तर तेवढं थांबू दे म्हणाव."

"ते चालते," मी निरोप द्यायच्या आतच चंद्रभान बोलला.

दुपारनंतर मळणी झाली. पोती त्याच ट्रॉलीवरून, त्याच कायद्यानं सडकेला आली. शेवटची खेप टेकली आणि टपोरे थेंब सुरू झाले. रहमतुल्ला ताडपत्री ओढत होता. चंद्रभाननं दुसरं टोक धरलं. माती मात्र अजून त्याच्या शब्दाखालीच होती आणि वाकड्या पेरणीबद्दल कोणी माफी मागितली नाही.

दोरी बांधता बांधता चंद्रभान माझ्याकडे वळला. "शेषराव, त्याले विचार. नाल्यावरून मले पाइप आणायचा हाय. त्याच्या वावरातून. जमिनीखालून."

रहमतुल्लानं गाठ मारली आणि तोंडावरचं पाणी पुसलं.

"त्याले सांग," तो म्हणाला, "वरचं ठरलं. खालचं अजून कोणाचंच ठरलं नाही. त्याच्यासाठी बसा लागते. पोरीले बी बोलाव, अन् चहा त्याच्याकडं."