कव्हरखाली गेलेले बकल

मी एक जुना पट्टा आहे. मोटारीच्या मागच्या सीटचा, डावीकडचा. जुना म्हणतात म्हणून जुना, नाहीतर माझ्या अंगावर एक सुरकुती सापडायची नाही. वापरलाच नाही, तर झिजणार कसा? सध्या सुट्या भागांच्या दुकानात एका खिळ्याला लटकलो आहे. गिऱ्हाइके मला ओढून बघतात आणि म्हणतात, "अरे वा, हा तर नवा कोरा आहे!" मित्रांनो, हे कौतुक ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का, ते सांगतो.

कारखान्यात मला घट्ट विणले. वजने टांगली, हिसडे दिले, पण मी तुटलो नाही. हळू ओढले तर मी मुकाट्याने येतो, हिसका बसला की जागच्या जागी अडतो. मात्र एकट्याने माझे काही चालत नाही. सीटच्या फटीतून डोके वर काढून बसलेले बकल हा माझा जोडीदार. माझ्या टोकाची पट्टी त्याच्यात शिरून 'खट्' आवाज झाला, तरच मी माणसाला धरून ठेवू शकतो.

गाडी ताब्यात घ्यायला चौघे आले होते. वडील, आई, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि मुलीची आत्या. वडिलांनी दार उघडून आधी नव्या गाडीचा वास घेतला. मग काचेवरचा बोटाचा ठसा स्वतःच्या रुमालाने पुसला. आई पुढे अंग चोरून बसली, जणू पाहुणी आली होती. तिने दार लावले मात्र, वडील कळवळले, "अगं हळू! कपाटाचं दार आहे का ते?"

"बरं बाई, यापुढे मी खिडकीतून येत जाईन," आई म्हणाली आणि सगळे हसले.

आत्या शिवणकाम करायची. तिने सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दादा, कापड फिकं आहे रे. चार दिवसांत काळं पडेल." मुलगी मात्र थेट माझ्याकडे आली. मला ओढले, बकलात अडकवले, सोडले, पुन्हा अडकवले. "आत्या, हा बघ ना! झटका दिला की थांबतो! आणि हळू ओढला की येतो!" घरी पोहोचेपर्यंत मी तिच्या छातीवरून आडवा गेलेलो होतो. काय सांगू, तेवढाच माझा संसार.

नव्याचे नऊ दिवस असतात. या घरात ते संपेचनात. चपला काढून गाडीत बसायचे, आत खायचे नाही, काचेला नाक लावायचे नाही. अशात आत्याने भावाला भेट म्हणून सीटची कव्हरे शिवायला घेतली. जाड, गडद कापड आणि दुहेरी शिलाई. मागच्या सीटचे माप घेताना तिने विचारले, "बकलांना भोकं ठेवू का रे?"

"छे! मागं कोण लावतं पट्टा? अख्ख्या कापडाला भोकं पाडून विद्रूप कशाला करतेस?"

तिलाही ते पटले. अखंड कापडाला कात्री लावणे तिच्या जिवावरच आले होते. कव्हर असे चापून बसले की शेजारच्या बायका बघायला आल्या. बकल त्याखाली गाडले गेले. मी दाराजवळ लोंबकळत राहिलो. अति तिथे माती म्हणतात ना, ती इथे पडली. पण तेव्हा कुणाला दिसली?

मुलीला मात्र लगेच कळले. "पप्पा, माझ्या पट्ट्याचं बकल कुठंय?"

"खाली आहे. आत्याने किती मेहनतीनं शिवलंय, उचकटू नकोस हं."

मग ती मला नुसतीच छातीवर ओढून हातात धरून बसायची. हात दुखला की सोडून द्यायची.

त्या दिवशी सगळे दुसऱ्या गावी निघाले होते. रस्ता मोकळा होता. मुलगी पुन्हा कव्हर चाचपडू लागली, तेव्हा आत्याने तिला जवळ ओढले. "अगं, मी आहे ना! मी धरते तुला." मुलगी तिच्या कुशीत कलंडली. वळणापलीकडे एक बंद पडलेला ट्रक उभा होता. वडिलांनी ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता.

हिसका बसला आणि मी अडलो. जसे शिकवले होते तसे, त्याच क्षणी, घट्ट. पण माझ्यात कोणी नव्हते. आत्याच्या हातातून मुलगी निसटली आणि पुढच्या दोन सीटांमधून समोर जाऊन आदळली. पुढे दोघांनी पट्टे लावले होते, त्यांचे खरचटण्यावर निभावले. आत्याचा हात मोडला. मुलीला उचलून नेले, ती घरी आली नाही. हे मला गॅरेजमधल्या बोलण्यातून समजले.

काही आठवड्यांनी आत्या गॅरेजमध्ये आली. हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हाताने ती मागच्या सीटचे कव्हर उसवू लागली.

मिस्त्री म्हणाला, "बाई, गाडी भंगारात चाललीय. आणि कव्हर चांगलं आहे की! कशाला उसवताय?"

"चांगलंच आहे हो," ती म्हणाली. "एक टाकासुद्धा सुटला नाही."

बकल सापडले तेव्हा तिने मला ओढून त्यात अडकवले. 'खट्' आवाज झाला. रिकाम्या सीटवरून मी आडवा बसलो. ती शेजारी बसून राहिली, आणि मिस्त्री गुपचूप बाहेर निघून गेला. मित्रांनो, मला रडता येत नाही. त्या दिवशी यायला हवे होते.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनवतो. गाडीत बसलात की आधी बकल शोधा. ते कव्हरखाली दडपलेले असेल तर गप्प बसू नका. हट्ट धरा, आरडाओरडा करा, गाडी हलू देऊ नका. कापड कितीही सुंदर असो, त्याला भोक पाडायला लावा. मोठी माणसे तुमच्यावर रागावतील. खुशाल रागावू द्या. रागवायला तुम्ही त्यांच्या समोर असाल.