फूफीचं हूं

लाल ओढणीच्या आतून सगळं जग गुलाबाच्या सरबतात बुडाल्यासारखं दिसत होतं. हसनबागच्या हॉलमध्ये, बायकांच्या खोलीत, मी नवरी होऊन मान खाली घालून बसले होते. दोन रात्री धड झोप नव्हती, त्यात मेंदीचा आणि मोगऱ्याचा वास डोक्यात चढलेला. शेजारच्या नंदनवन वस्तीतली माझी मैत्रीण मयुरा शेजारीच होती आणि मी पेंगले की चिमटा काढत होती.

तरी डोळा लागलाच. धंतोलीचा आमचा दवाखाना दिसला. मी तिथे फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवते. स्वप्नात लांबच लांब कॉरिडॉर होता आणि कठड्याला धरून आमच्या घरातल्या सगळ्या बायका लाल ओढण्या घेऊन चालत होत्या. हात सोडा, मी सांगत होते. कोणी सोडत नव्हतं, आणि मला त्यांचा भारी राग येत होता.

राग खरं तर दुसरीकडचा होता. मुबश्शिर मला आवडला होता, त्यात खोटं नाही. पण कामठीहून त्याच्या आईचा निरोप आला होता की लग्नानंतर दवाखाना बंद. अब्बा म्हणाले, नंतर पाहू. मुबश्शिरही फोनवर म्हणाला, नंतर पाहू. आमच्या घरात 'नंतर पाहू' म्हणजे विषय दफन.

चिमटा बसला. मामू माझे वकील होऊन दोन साक्षीदारांसोबत आत आले होते, मागे अब्बा. निकाहाआधी वकील असा नवरीची संमती घ्यायला येतो आणि बाहेर जाऊन काझींना सांगतो. नवरीनं लाजायचं असतं. ती गप्प राहिली तरी हो धरतात. मामूंनी विचारलं, नुजहत, मुबश्शिरशी निकाह कबूल आहे का? मी तोंड उघडायच्या आत मागून फूफीनं, म्हणजे अब्बांच्या बहिणीनं, माझं डोकं हलकेच दाबलं आणि स्वतःच 'हूं' केलं. बाया हसल्या. मामू जायला वळले.

"मामू, ते फूफीचं हूं होतं," मी म्हणाले. "माझं बाकी आहे."

पोरगी सकाळपासून उपाशी आहे, काहीही बोलते, असं म्हणत फूफी मामूंना बाहेर काढायला लागली. तेवढ्यात अम्मी बोलली. पुरुषांसमोर कधी आवाज न काढणारी माझी अम्मी.

"थांबा भाईजान. माझ्या निकाहाच्या वक्ती मी झोपून गेली होती. हूं कोणं म्हटलं, मले आजवर मालूम नाही. इले बोलू द्या."

मामू पुन्हा माझ्यासमोर बसले आणि अगदी सावकाश विचारलं. माझी झोप कुठल्या कुठे पळाली.

"मी दवाखाना सोडणार नाही. हे त्याले कबूल असन तं मलेही कबूल आहे. आताच विचारून या. नंतर नाही."

मामू गेले. ओढणीतला लाल उजेड हलत राहिला. वरात परत गेली तर काय? मी मयुराचा हात घट्ट धरून बसले. किती वेळ गेला कोण जाणे, मामू घामाघूम होऊन परत आले. मुलाच्या आईनं तोंड फिरवलं होतं, पण मुलगा सगळ्यांदेखत काझींना म्हणाला होता की त्याला कबूल आहे.

मग मी 'कबूल आहे' म्हणाले, इतक्या जोरानं की कोणाचं तरी तान्हं बाळ दचकून जागं झालं.

मामू आणि साक्षीदार बाहेर पडले. अब्बा मात्र दारातच थांबले. ते अम्मीकडे अशा नजरेनं बघत होते, जणू ती आत्ताच कुठून तरी आली असावी.

"जागी असती," ते हळूच म्हणाले, "तं काय म्हटलं असतं तुनं?"

अम्मीनं माझ्या ओढणीची किनार सारखी केली. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"आता विचारून राहिले तुम्ही," ती म्हणाली. "विचार करून सांगीन."