पप्पांच्या टकलाचा फोटो

मी शाळा सोडली तेव्हा घरात नुसती रडारड होती. आता मी केस कापते, आणि मला माझ्या नावावर गिऱ्हाईक हवंय. म्हणून माझ्या ऑनलाइन पेजसाठी चांगला फोटोग्राफर बोलावला आणि खुर्चीत पप्पांना बसवलं.

“यांना केसच कुठेत?” फोटोग्राफर कुजबुजला. “एखादा झुलपांवाला पोरगा बसव ना.”

माझं डोकंच सटकलं. “झुलपं कोणीही चमकवेल. कानामागचे हे चार केस नीट उतरवायला कसलेला हात लागतो. काढ फोटो!”

“काढ रे बाबा,” पप्पा म्हणाले. “फक्त डोक्यावर उजेड मारू नकोस, तुझेच डोळे दिपतील.”

फोटो टाकला. संध्याकाळी एका अनोळखी काकांचा फोन आला. “टकलाभोवतीचे केस कापणारी तूच ना?”

“मीच. या काका, टोपी घरी ठेवून या.”